यजमानाच्या हातात बॅट

दुर्गाघाटावरच्या आमच्या घराला अंगण नाही, म्हणून कुंपणही नाही. कुंपणाचं काम गच्चीवरचा कमरेइतका कठडा करतो. अलीकडे आमचं वाळवण, पलीकडे काकूंचं. पौषात दुपारी एकच्या पुढे धुकं एकदाचं हटतं, गंगेकडून जरा ऊब येते, आणि काकू मटारची परात घेऊन कठड्याला टेकतात. शेजारी एक काठी ठेवलेली असते. ती माकडांसाठी. काका आत खोलीत रजई पांघरून पडलेले, पण दार उघडं आणि कान बाहेर.

"काय गं, तुझं पोरगं शाळेत नाही गेलं?"

"थंडीची सुट्टी वाढवली काकू. पण गृहपाठ आहेच. शंभर वर्षांपूर्वीचा एक खेळाडू घ्यायचा आणि त्याचं चरित्र लिहायचं. हा हटून बसलाय, इंग्लंडचा फुटबॉलवालाच हवा. अंगातला तो लाल टी-शर्ट बघताय ना, आर्सेनलचा. तीन दिवस धुवायला देत नाहीये."

"इंग्लंडला कशाला जायचं एवढ्यासाठी? भेलूपूरला जा की. रिक्षानं अर्ध्या तासाचं काम. आपला विझी आहे."

मी नागपूरची. लग्न होऊन काशीत आले त्याला अकरा वर्षं झाली, भेलूपुराची विजयनगरम कोठी येताजाता पाहिलेली, पण हे नाव ऐकलं नव्हतं. "विझी? हे कसलं नाव?"

"इंग्रजांनी पाडलेलं. त्यांच्या जिभेनं विजयनगरमचं विझियानाग्राम केलं, आणि तेही लांब वाटलं म्हणून विझी. खरं नाव भलं भारदस्त, महाराजकुमार विजय आनंद गजपती राजू. माझ्या सासूबाईंपुढे मात्र विझी म्हणायची सोय नव्हती हो. समई विझली म्हणायचं नाही, शांत झाली म्हणायचं, असलं ते घर. त्या आपल्या 'भेलूपूरचा धाकटा राजा' म्हणायच्या. त्याच्या गोष्टी मी यांच्याकडून ऐकल्या. लग्न झाल्यावर नवऱ्यानं बायकोला काय काय सांगायचं असतं, तर आमच्याकडे हे!"

आतून खाकरल्याचा आवाज आला. काका जागे होते.

"आंध्रातलं संस्थान ना ते? मग इथे कसे?" मी विचारलं.

"अगं, काशीत कोणाचा वाडा नाही? भोसल्यांचा घाट आहे, शिंद्यांचा आहे, होळकरांचा आहे. तशी यांचीही इथे जुनी मालमत्ता. आणि घराणं दानशूर बरं का. तो मॅक्सम्युल्लर होता ना, त्याच्या ऋग्वेदाची दुसरी आवृत्ती निघाली ती विजयनगरमच्या महाराजांच्या पैशानं. आपल्या काशीत संस्कृत ग्रंथांची मालाच होती त्यांच्या नावाची. आमच्या आजेसासऱ्यांच्या पोथ्यांत त्यातली दोन पुस्तकं आहेत, वाळवी लागलेली. तर हा थोरल्या महाराजांचा दुसरा मुलगा. गादी भावाला. म्हणून महाराज नाही, महाराजकुमार. जन्म १९०५ चा. शाळा अजमेरच्या मेयो कॉलेजात, मग इंग्लंडला हेलीबरीला. १९२२ मध्ये वडील गेले, आणि हा इकडची इस्टेट सांभाळायला काशीत आला. आता तूच सांग, धाकटा मुलगा, गादी नाही, पैसा आहे, वेळ आहे. करणार काय?"

"शिकार," मी म्हटलं.

"ती केलीच. तीनशेच्या वर वाघ मारले म्हणायचा. त्याची गंमत मागून सांगते. पण मुख्य वेड क्रिकेटचं. १९२६ च्या सुमाराला वाड्याच्या आवारातच मैदान आखलं, स्वतःचा संघ उभा केला. चांगले खेळाडू हेरायचे, आणायचे, खाऊपिऊ घालायचं, खेळवायचं. मुश्ताक अली तर पोरसवदा होता, इंदूरचा. त्याला इथे आणून शाळेत घातलं. शाळा नावाला. पोर वाड्यात खेळून तयार झालं."

"हे चांगलंच की मग."

"चांगलंच होतं! मी कुठे वाईट म्हणते? आता ऐक. १९३० साल. मिठाचा सत्याग्रह, पोरं तुरुंगात, परदेशी कापडाच्या होळ्या. त्या हिवाळ्यात इंग्लंडचा संघ यायचा होता, त्यांनी दौरा रद्द केला. हा म्हणाला, संघ येत नाही तर न येवो, मी दोघांना आणतो. आणि कोणाला आणलं? जॅक हॉब्स आणि हर्बर्ट सटक्लिफ!"

आतून काका गरजले, "हॉब्स त्या डिसेंबरात अठ्ठेचाळीसचा झाला! कसोटीतून नुकताच बाहेर पडलेला!"

"ऐकलंस? स्वतःचा वाढदिवस आठवत नाही," काकू परातीत दाणे टाकत म्हणाल्या. "तर ती इंग्लंडची सलामीची जोडी. याच्या संघातून हिंदुस्थान आणि सिलोन फिरली. आणि त्यातून एक भांडण असं निघालं की ते आजतागायत मिटलेलं नाही. सांगा हो, तुम्हीच सांगा, मला आकडे येत नाहीत."

काका रजईसकट दारात आले. कानटोपी, मफलर, हातात काल रात्रीचा चष्मा. "हॉब्सची प्रथम दर्जाची शतकं किती? काही पुस्तकं १९७ सांगतात, काही १९९. मधली दोन कुठली? विझीच्या संघातून मारलेली. ते सामने प्रथम दर्जाचे धरायचे की नाही, यावर मोठमोठे आकडेपंडित अडून बसलेत. हॉब्स स्वतः म्हणायचा, नका धरू. म्हणजे बघ, जगातल्या सगळ्यात जास्त शतकांच्या आकड्यावर भेलूपूरचा शिक्का आहे!"

"आता जा आत, वारं लागेल," काकू म्हणाल्या. ते गेले नाहीत. चौकटीला टेकून उभे राहिले.

मला मनातून तो विझी आवडायला लागला होता. तसं म्हटलंही. काकूंनी शेंग दातानं फोडली. "थांब. पुढची पंगत बसायची आहे. पण आधी एक गोड घास. १९३३-३४ मध्ये इंग्लंडचा संघ आला, कर्णधार जार्डिन. हा जार्डिन मुंबईत जन्मलेला, मलबार हिलवर. आदल्या वर्षी ऑस्ट्रेलियात अंगावर चेंडू टाकवून त्यानं दोन देशांत बोलणंचालणं बंद व्हायची वेळ आणलेली. त्यानं इथली कसोटी मालिका जिंकली, गावोगावचे सामने जिंकले, अनिर्णित राखले. अख्ख्या हिंदुस्थानच्या दौऱ्यात एकदाच हरला. कुठे?"

"काशीत?"

"काशीत! विझीच्या संघाकडून. चौदा धावांनी!" काठी जमिनीवर आपटत त्या असं म्हणाल्या की कठड्यावरचं माकड उगाचच पळालं.

इथे मला काकूंच्या घराबद्दल एक सांगायला हवं. पिढ्यान्‌पिढ्या भिक्षुकीचं घर. महाराष्ट्रातून यात्रेकरू यायचे, यांच्याकडे उतरायचे, श्राद्ध, गंगापूजन, सगळं यांच्या हातून व्हायचं. अजूनही दिवाळीनंतर दोन-चार कुटुंबं येतात. त्यामुळे काकू जगातल्या माणसांची वाटणी दोनच भागांत करतात, यजमान आणि गुरुजी.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "यजमान म्हणून हा माणूस एक नंबर होता. लोकांना बोलवावं, मान द्यावा, दक्षिणेला हात आखडू नये, मांडव मोठा घालावा. व्हाइसरॉय विलिंग्डन खूश राहावा म्हणून दिल्लीच्या कोटला मैदानावर त्याच्या नावाचं पॅव्हेलियन बांधून दिलं. पतियाळाच्या महाराजांनी रणजींच्या नावानं चषक दिला, तर यानं विलिंग्डनच्या नावाचा पुढे केला, तोही सोन्याचा. तो चालला नाही, रणजी चालला. तरी हरकत नाही, यजमानांत चढाओढ असतेच. आमच्याकडे दोन भाऊ आले की विचारायची सोय नाही, एकानं अकरा ब्राह्मण म्हटले की दुसरा एकवीस म्हणतो. पण यजमानानं काय करायचं असतं? पाटावर बसायचं. गुरुजी सांगतील तेव्हा आचमन, सांगतील तेव्हा पळीभर पाणी. मंत्र गुरुजींनी म्हणायचे. हा उठून म्हणाला, मंत्र मीच म्हणतो!"

"म्हणजे कॅप्टन झाले?"

"१९३६ चा इंग्लंड दौरा. आधी पतौडीच्या नवाबाचं नाव होतं, थोरल्या. त्यानं माघार घेतली. मग पंगतीला सगळ्यात पुढे हा! आणि मागे कोण बसलेलं? तुमच्या नागपूरचा सी. के."

आता मात्र मी कठड्यावर कोपरं टेकवून नीट उभी राहिले. आमच्या माहेरी सी. के. नायडूंचं नाव घरातल्या माणसासारखं घेतात. आजोबा सांगायचे, १९२६ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर सी. कें.नी इंग्रजांविरुद्ध १५३ काढल्या, त्यांत अकरा षटकार. १९३२ मध्ये पहिल्या कसोटीत लॉर्ड्सवर कर्णधार तेच. तेव्हाही कागदावरचे कर्णधार पोरबंदरचे महाराज होते, पण त्यांना स्वतःचा खेळ ठाऊक होता. कसोटीच्या दिवशी ते बाजूला झाले आणि नायडूंना पुढे केलं.

"बघ, पोरबंदरकर पाटावर बसून राहिले," काकू म्हणाल्या. "हा नाही बसला. छत्तीस डाग सामान आणि दोन नोकर घेऊन बोटीवर चढला म्हणतात. खरं-खोटं विश्वनाथाला ठाऊक. आणि सोन्याच्या घड्याळाची गोष्ट तर सगळीकडे सांगतात. तिकडच्या एका कॅप्टनला म्हणे सामन्याआधी सोन्याचं घड्याळ भेट दिलं. त्यानंही मग याला दोन-चार सोपे चेंडू टाकवले. मागाहून तोच बाहेर सांगत सुटला, एका घड्याळात दिवसभर तसले चेंडू कसे टाकणार!"

मी हसता हसता आमच्या पापडांवरची चादर नीट केली. खाली गल्लीत कुणीतरी मलइयोवाल्याला हाक मारत होतं. दुपारी कुठली मलइयो. ती सकाळच्या उन्हातच बसून जाते.

"हसू नको, पुढे वाईट आहे. अमरनाथ माहीत आहे?"

"लाला अमरनाथ. भारताचं पहिलं कसोटी शतक."

"११८, बॉम्बे जिमखाना, डिसेंबर १९३३," चौकटीतून आकडा आला.

"तोच. या दौऱ्यात तर पोरगा पेटला होता. एसेक्सविरुद्ध दोन्ही डावांत शतकं. मग लॉर्ड्सवर कुठल्या तरी दुय्यम संघाशी सामना. याला पॅड बांधून बसवलं. हा गेला, तो गेला, याची पाळी येईना. मागच्यांना पुढे धाडत राहिले. दिवस संपता संपता याला पाठवलं. परत आल्यावर पंजाबी माणूस, आणखी काय करणार? पॅड फेकले आणि पंजाबीत चार शब्द सुनावले. झालं. विझी आणि मॅनेजर, तो एक इंग्रज मेजर होता, दोघांनी मिळून पहिल्या कसोटीच्या आधीच त्याला बोटीनं हिंदुस्थानात परत धाडलं. संघातला सगळ्यात तेज पोरगा! पंगत मांडली आणि वाढप्यालाच हाकललं. आणि त्याच जूनमध्ये या महाराजकुमाराला 'सर' किताब. एका हातानं अमरनाथला घरी पाठवायचं आणि दुसऱ्या हातानं राजाकडून किताब घ्यायचा!"

काका चटकन म्हणाले, "लॉर्ड्सची ती कसोटी हातची गेली. पहिल्या डावात आपले १४७, त्यांचे १३४. आपल्याला तेरा धावांची आघाडी! अमरसिंगचे पस्तीसला सहा बळी. आणि दुसऱ्या डावात आपण त्र्याण्णवात गारद. तिथे अमरनाथ हवा होता."

"तिथे सलामीला मर्चंटबरोबर कोण होतं, सांगा की हिला. मराठी माणूस होता."

"दत्ताराम हिंदळेकर. रत्नागिरीकडचा. यष्टिरक्षक. बोटाच्या दुखण्यानं पुढचे दोन कसोटी सामने गेले बिचाऱ्याचे. पण दहा वर्षांनी, १९४६ मध्ये, मँचेस्टरला शेवटची जोडी हिंदळेकर आणि रंगा सोहोनी. तेरा मिनिटं दोघं खुंट्यासारखे उभे राहिले आणि सामना वाचवला." काकांचा आवाज इथे थोडा ओला झाला. त्यांना हरणारे सामने वाचवणारी माणसं फार आवडतात. शतकवाल्यांचं ते नुसते आकडे सांगतात.

"मँचेस्टरवरून आठवलं," काकूंनी सूत्र हिसकावलं. "१९३६ चंच मँचेस्टर. दुसरी कसोटी. इंग्लंडनं ढीगभर धावा केल्या."

"आठ बाद ५७१."

"आणि आपण डोंगराखाली. मर्चंट आणि मुश्ताक सलामीला. मुश्ताक म्हणजे आपला, याच वाड्यात वाढलेला. पण मुश्ताकनंच पुढे सांगितलं ते ऐक. जाण्याआधी विझीनं त्याच्या कानात सांगितलं म्हणे, मर्चंटला धावबाद कर!"

"काय सांगता!"

"देवाशपथ. आपल्याच संघाच्या माणसाला! का, तर मर्चंट सी. कें.च्या बाजूचा. हा मुश्ताक साधा पोरगा. खेळपट्टीवर गेला आणि मर्चंटलाच सांगून टाकलं. दोघं हसले म्हणे आणि लागले खेळायला. किती हो?"

"२०३ ची भागीदारी. मुश्ताक ११२, परदेशातलं भारताचं पहिलं कसोटी शतक. मर्चंट ११४. त्या एका दिवसात दोन्ही संघांच्या मिळून ५८८ धावा झाल्या. कसोटीच्या एका दिवसात त्याहून जास्त कधीच नाहीत."

काकूंनी दाण्यांची ओंजळ परातीत सोडली. "तेच तर मला कळत नाही गं. ज्या पोराला वाड्यात आणलं, घडवलं, त्याच्याच हातून असलं काम करवून घ्यायचं? यजमानाला पंक्तिप्रपंच शोभतो का? सी. कें.चा तर किती छळ! संघात एक गोलंदाज होता, तो न्याहारीच्या टेबलावर सगळ्यांदेखत सी. कें.ना घालूनपाडून बोलला, आणि ओव्हलवर त्याला कसोटीची टोपी मिळाली. असं संघातले लोकच मागाहून सांगायचे. त्याची ती एकच कसोटी."

"आणि सी. के.?"

काकांनी चष्मा पुसला. "ओव्हलला गबी ॲलनचा चेंडू पोटात बसला. वाकले, उभे राहिले, आणि ८१ काढल्या. वय चाळीस."

थोडा वेळ कोणी बोललं नाही. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला आमचं पोर पतंगाची कन्नी बांधत बसलं होतं, पण कान इकडे. "आजोबा," त्यानं विचारलं, "पण विझीनं स्वतः किती रन काढले?"

"तीन कसोट्या, सहा डाव, एकूण ३३ धावा."

"एका मॅचमध्ये?"

"सगळ्या मिळून!" काकू ओरडल्या. "आणि बाकीच्या दौऱ्यात जरा बऱ्या, पण त्यांत कुठल्या घड्याळाच्या आणि कुठल्या बॅटच्या, कोणी सांगावं! परत आल्यावर चौकशी बसली. मुंबई हायकोर्टाचे सरन्यायाधीश ब्यूमाँट. १९३७ च्या जानेवारीत निकाल. अमरनाथवरचा डाग धुतला. आणि याच्याबद्दल काय लिहिलं? याला क्षेत्ररक्षण लावता येत नाही, गोलंदाज कधी बदलायचा कळत नाही, फलंदाजीचा क्रम धड ठेवता येत नाही. म्हणजे मग राहिलं काय कॅप्टनकीत? नाणेफेक."

पोराचं मात्र समाधान झालेलं दिसेना. "हा काय खेळाडू झाला? मी फुटबॉलवालाच लिहिणार."

काकांना तेवढंच हवं होतं. ते रजई सावरत कठड्यापर्यंत आले. "बरं, मग हॅमंड घे. वॉली हॅमंड. तो ब्रिस्टल रोव्हर्सकडून फुटबॉलही खेळायचा. मँचेस्टरच्या त्याच कसोटीत आपल्याला १६७ मारल्या, ओव्हलला २१७. विझीसाहेबांना ज्याला कसं अडवायचं ते सुचलं नाही, तो हाच. किंवा तुझ्या या टी-शर्टवाल्यांचाच घे, डेनिस कॉम्प्टन. आर्सेनलचा डावा विंगर."

"आर्सेनलचा? क्रिकेटवाला?"

"आर्सेनलचा. महायुद्धात फौजेबरोबर हिंदुस्थानात आला, आणि होळकर संघाकडून रणजीची अंतिम फेरी खेळला. १९४५, ब्रेबॉर्न, मुंबईविरुद्ध. २४९ नाबाद. होळकरांचा कर्णधार कोण? सी. के.! तरी होळकर हरले. समोर मुंबई होती ना."

पोरानं लगेच आईकडे बघितलं, म्हणजे माझ्याकडे. चरित्र बदललं, हे कळलं. पण शंभर वर्षांची अट? ते बाईंशी त्याचं तो बघेल. हॅमंड बसतो अटीत.

काकूंना विझी असा मधेच सोडवेना. "अगं, पण संपलं नाही त्याचं. मला वाटायचं, चौकशीनंतर तोंड लपवून बसला असेल. छे! १९४७ मध्ये तो 'सर' किताब परत केला. मग खादीचा जमाना आला, तर त्यातही जागा पटकावली. उत्तर प्रदेशाच्या क्रिकेटची सूत्रं याच्याकडे. कानपूरला कसोटी सामने होऊ लागले, त्यात याचा हात. १९५४ मध्ये क्रिकेट मंडळाचा अध्यक्ष. १९५८ मध्ये पद्मभूषण. मग विशाखापट्टणमहून लोकसभेत. आणि रेडिओवर समालोचन! अरे देवा. हे रेडिओला कान लावून बसायचे आणि तो स्कोअर सोडून बाकी सगळं सांगायचा. कोण राजा आलाय, कोणाचा टाय कसलाय."

"वाघाची गंमत राहिली," मी आठवण केली.

"हां! तर हा सगळ्यांना सांगायचा, मी तीनशे वाघ मारले. वेस्ट इंडीजचा एक खेळाडू, रोहन कन्हाय म्हणतात, तो म्हणाला म्हणे, बंदुकीनं कशाला, रानात ट्रान्झिस्टर ठेवून तुमचं समालोचन लावलं असेल, वाघ कंटाळून मेले असतील!"

काका सगळ्यात मोठ्यानं हसले. मग खोकला लागला. काकूंनी आत जाऊन फुलपात्रातून कोमट पाणी आणलं, ते कठड्यावर ठेवलं, आणि बोलताना आवाज एकदम खाली आला. गल्लीतली खरी बातमी सांगताना त्यांचा येतो तसा.

"पण एक सांगते. हा माणूस डूख धरून बसणारा नव्हता. ज्या अमरनाथला बोटीवर घातलं, तो १९५२ मध्ये पाकिस्तानविरुद्धच्या पहिल्या मालिकेत कॅप्टन झाला, त्यात विझीचा हात होता म्हणतात. दोघं जवळ आले होते. आणि सी. के.? १९५६-५७ च्या मोसमात कोणाकडून खेळले रणजी?"

"उत्तर प्रदेश," काकांनी पाणी पिता पिता सांगितलं. "कर्णधार म्हणून. वय एकसष्ट."

"एकसष्ट! आणि उत्तर प्रदेशाचा कारभारी कोण होता तेव्हा? हाच. वीस वर्षांपूर्वी न्याहारीच्या टेबलावर ज्याचा अपमान करवला, त्यालाच आपल्या प्रांताची कॅप्टनकी. आता याला पश्चात्ताप म्हणायचं, का परत यजमानाचा पाट सापडला म्हणायचं, तू ठरव. मला तर वाटतं, हातातली बॅट सुटली आणि माणूस ठिकाणावर आला."

"आणि शेवट?"

"शेवट इथेच. २ डिसेंबर १९६५. साठी पुरी व्हायला चार आठवडे कमी. आंध्रातून लोक आयुष्यभर पैसा जमवून काशीला मरायला येतात. केदारघाटाकडे जाऊन बघ, किती म्हातारी तेलुगू माणसं खोली घेऊन राहिलेली दिसतात. याला तिकीटसुद्धा काढावं लागलं नाही. आयुष्यात बाकी सगळ्याला पैसे मोजले, हे तेवढं फुकट मिळालं."

ऊन आता कठड्यावरून उतरून काकूंच्या परातीपर्यंत आलं होतं. मटार निम्मे सोललेले, निम्मे तसेच. चुडामटर करायचा होता म्हणे संध्याकाळी. यांचे कोणी यजमान सोलापूरहून यायचे होते. मी पापड उलटायला वळले, तेवढ्यात काकांनी पोराला हाक मारली.

"ए, इकडे ये. कॉम्प्टन लिही, हॅमंड लिही, काय लिहायचं ते लिही. पण विझीबद्दल तुझी आजी काही सांगत असेल तर एक ओळ माझी घाल. लॉर्ड्स, पहिला डाव, १९ नाबाद. सगळा संघ १४७ मध्ये बाद झाला, तेव्हा हा १९ नाबाद होता. ॲलनसमोर. तिथे घड्याळ चाललं नव्हतं."

"नाबाद होता कारण पलीकडचे सगळे बाद झाले!" काकू म्हणाल्या.

"तरी नाबाद."

"अहो, तुमचा नाबाद राहू दे. ते बघा!"

आम्ही वळलो. काठी आमच्याकडे राहिली होती आणि परात माकडाकडे. बाकीच्यांनी पलीकडच्या गच्चीवर आधीच पंगत धरली होती.